११,००० पौंडांचे ४,८०० कसे झाले?



"कविता पुष्कळ आल्यात, तू काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत दे," असं आपल्या मराठी विभागाच्या संपादिकेने फर्मावलं, म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलायचं ते घरी आणि लिहायचं ते फक्त परीक्षेत, त्यामुळे 'आघूर्ण', 'अवमंदन' असले शब्द माझ्याकडून येणार नाहीत. मोमेंटला मी मोमेंटच म्हणणार आणि डॅम्पिंगला डॅम्पिंग. मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं ही विनंती.

तर विषय असा. अमेरिकेत लोक पिकअप ट्रकच्या मागे एक अख्खं घर जोडून फिरायला निघतात. त्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बाथरूम, सगळं काही (थोडक्यात, आपल्या हॉस्टेलच्या खोलीपेक्षा बरं). या घराला स्वतःचं इंजिन नसतं, ते ट्रकने ओढायचं. आता कुठल्या ट्रकमागे कुठला ट्रेलर शोभेल हे ठरवणं म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच काम आहे. फरक एवढाच की इथे गुण जुळले नाहीत तर शांत करून भागत नाही. घाट उतरताना कळतं.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यासमोर दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट आणि हौद्यात उभी राहिलेली दहा-बारा माणसं येतात. तिकडे हीच गाडी घरची फॅमिली कार असते. पाच माणसं ऐसपैस बसतील अशी केबिन, लेदरच्या सीट, सनरूफ आणि मागे मोकळा हौदा. यातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या गटाला 'हाफ-टन' म्हणतात. पूर्वी कधीतरी हे ट्रक अर्धा टन माल वाहायचे म्हणून हे नाव पडलं. आता ते नुसतं नाव उरलंय, त्याचा आकड्याशी संबंध राहिलेला नाही.

मी या विषयात पडले ती घरच्या कारणाने. माझे धाकटे काका डेन्व्हरजवळ राहतात. आजी-आजोबा त्यांच्याकडे चार महिन्यांसाठी जाणार होते आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचं काकांनी मनात घेतलं होतं. आजीला बाहेरचं जेवण चालत नाही, आजोबांना रात्री तीनदा उठावं लागतं, त्यामुळे रोज नवीन हॉटेल ही कल्पना बाद. ट्रेलर घेतला की स्वयंपाकघरही बरोबर आणि बाथरूमही बरोबर. काकांकडे हाफ-टन ट्रक होताच. त्यांनी एका डीलरकडे एक मोठा ट्रेलर पसंत केला, फोटो पाठवले आणि फोनवर म्हणाले, "बाळा, तू मेकॅनिकलची ना? विकणारा म्हणतो, तुमचा ट्रक ११,००० पौंड ओढतो आणि हा ट्रेलर आहे ६,२०० पौंडांचा. म्हणजे जवळजवळ अर्धी ताकद शिल्लक राहते. तरी एकदा बघून सांग." (एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. पहिल्या वर्षी ज्यांनी या युनिटला शिव्या घातल्या असतील त्यांनी पुन्हा घालून घ्याव्या, कारण पुढे सगळा हिशेब पौंडातच आहे.)

विकणारा खोटं बोलत नव्हता. तो चुकीचा आकडा वाचत होता. ११,००० हा आकडा ओढण्याचा. पण ट्रेलर ट्रकला नुसता मागे खेचत नाही, तो ट्रकवर बसतोसुद्धा!

हे नीट समजून घेऊ. ट्रॅव्हल ट्रेलरची चाकं साधारण मध्याच्या थोडी मागे असतात. त्याची पुढची दांडी ट्रकच्या मागच्या बॉलवर टेकते. ट्रेलरचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी चाकांच्या थोडा पुढे ठेवलेला असतो, म्हणून एकूण वजनाचा काही भाग त्या बॉलवर येतो. याला टंग वेट म्हणतात आणि ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. का, ते पुढे सांगते. तूर्त एवढं लक्षात ठेवा की ७,२०० पौंडांचा ट्रेलर साडेबारा टक्क्यांनी ९०० पौंड ट्रकच्या शेपटीवर ठेवून देतो. ट्रकच्या दृष्टीने हा 'ओढायचा' माल नाही, 'वाहायचा' माल आहे. हौद्यात ९०० पौंडांची सिमेंटची पोती टाकली असती तर जसा मोजला असता, तसाच तो मोजायचा.

आणि ट्रक किती वाहू शकतो हे कुठे लिहिलेलं असतं? ब्रोशरवर नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा छोटा स्टिकर असतो, टायरमध्ये हवा किती भरायची ते सांगणारा. त्याच्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा त्या एकाच गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या शेजारच्या गाडीवर वेगळा आकडा सापडेल, कारण सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह, लेदरच्या विजेवर हलणाऱ्या सीट या सगळ्यांचं वजन कारखान्यातच वजा केलेलं असतं. ट्रक जितका चैनीचा, तितका हा आकडा लहान. काकांचा ट्रक भलताच चैनीचा आहे. मी त्यांना दाराचा फोटो काढून पाठवायला सांगितला. आकडा निघाला १,४८० पौंड.

आता मांडा हिशेब. काका १८५, काकू १४०, माझी चुलत बहीण ९५, आजोबा १४५, आजी १२५. झाले ६९०. (आजीचं वजन छापल्याबद्दल घरी बोलणी खावी लागणार आहेत, पण इंजिनिअरिंगमध्ये डेटा लपवता येत नाही.) ट्रेलर जोडायची जी वेगळी जड हिच लागते ती ९० पौंडांची. हौद्यात खुर्च्या, कूलर, अवजारांची पेटी धरून १५०. आणि टंग वेट ९००. एकूण १,८३०. म्हणजे स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३५० पौंड जास्त. ओढण्याच्या खात्यात ३,८०० पौंड शिल्लक आणि वाहण्याच्या खात्यात ३५० पौंड उधारी, एकाच वेळी!

इथे बरेच जण विचारतील, ६,२०० चे ७,२०० कुठून आले? ६,२०० हे कोरडं वजन. कारखान्यातून बाहेर पडताना ट्रेलर जेवढा भरतो तेवढं. पुष्कळदा त्यात बॅटरी नसते, गॅसच्या टाक्या नसतात आणि पाणी तर नसतंच. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. दोन गॅस सिलिंडर आणि बॅटरी मिळून सव्वाशेच्या आसपास. मग गाद्या, भांडी, डाळ-तांदूळ, कपडे, कुकर. पाच माणसांच्या मराठी घराला हजार पौंड सहज लागतात. आमच्या घराला कदाचित जास्तच. म्हणून ट्रेलर निवडताना कोरडं वजन बघायचंच नाही. ट्रेलरच्या स्वतःच्या स्टिकरवर त्याचं कमाल भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते धरून हिशेब केला की पुढे पस्तावायची पाळी येत नाही.

आता ज्यांनी सेकंड इयरला अप्लाइड मेकॅनिक्समधून जेमतेम सुटका करून घेतली त्यांच्यासाठी थोडी उजळणी. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १२ फूट धरा. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या ५ फूट मागे. बॉलवर ९०० पौंड. मागच्या अ‍ॅक्सलभोवती मोमेंट घ्या: ९०० गुणिले ५ भागिले १२, म्हणजे पुढची चाकं ३७५ पौंडांनी हलकी झाली. आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ९०० नाही, १,२७५ पौंड आले. सी-सॉच! ज्या चाकांनी वळायचं आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा भार पडतो, नेमकी तीच हलकी. रात्री हेडलाइट समोरच्या गाडीच्या डोळ्यात जातात ते वेगळंच.

हे दृश्य आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेलं आहे, फक्त अमेरिकेत नाही. ऊसाच्या सीझनला कारखान्याच्या रस्त्यावर चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलली जातात आणि ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत बसतो, पण ट्रॅक्टर वळतच नाही. लांबून बघायला मजा वाटते. तिथे चढाचा आणि ओढीचा भाग जास्त असतो, पण पुढचं चाक हलकं झालं की दिशा हातातून जाते हे तत्त्व तेच.

यावर तिकडच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडला. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. नाव मोठं असलं तरी कल्पना साधी आहे. हिचच्या डोक्यात दोन जाड स्प्रिंगचे बार बसवतात आणि त्यांची मागची टोकं साखळीने ट्रेलरच्या दांड्याकडे वर खेचून ताणतात. हातगाडीच्या दांड्या धरून वर उचलल्यावर पुढचं चाक जमिनीत दाबलं जातं ना, तसंच. वरच्या उदाहरणात बॉलपासून ट्रेलरची चाकं १८ फूट मागे धरली आणि बार असे ताणले की पुढची निम्मी उणीव भरून निघेल, तर हिशेब असा येतो: पुढच्या चाकांवर साधारण १९० पौंड परत, ट्रेलरच्या चाकांवर साधारण १०० पौंड, आणि मागच्या अ‍ॅक्सलवरून हे दोन्ही मिळून २९० कमी. ज्यांना वेळ आहे त्यांनी फ्री बॉडी डायग्राम काढून पाहावी, व्हायव्हाला उपयोग होईल. पण नीट बघा, ट्रकवरचं ओझं फक्त १०० ने कमी झालं. बाकीचं नुसतं इकडचं तिकडे. ३५० पौंडांची उधारी या हिचने फिटत नाही, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

ट्रकच्या मागे जिथे हिच खोचतात तिथेही एक लेबल असतं आणि त्यावर दोन-दोन आकडे असतात. कित्येक हाफ-टन ट्रकांवर साध्या बॉलला टंग वेटची मर्यादा ५०० पौंड आणि ट्रेलरची ५,००० पौंड अशी दिलेली असते. त्याच्या वरचे आकडे फक्त ही बारवाली हिच लावली तरच लागू. म्हणजे ब्रोशरवरचा ११,००० चा आकडा साध्या बॉलवर कधी खराच नव्हता.

"मग टंग वेटच कमी करू ना! सामान मागे सरकवलं की झालं," हे काकांनी लगेच सुचवलं. माझ्या रूममेटनेही तेच सुचवलं. त्यावर आम्ही तोंडी वाद घालण्याऐवजी प्रयोग केला. हॉस्टेलच्या जिममध्ये एक ट्रेडमिल आहे, ज्याचा उपयोग एरवी टॉवेल वाळत घालायला होतो. एक खेळण्यातला ट्रक, त्याच्यामागे आईस्क्रीमच्या काड्या आणि दोन चाकं लावून केलेला ट्रेलर, आणि वजन म्हणून वर्कशॉपमधले नटबोल्ट. ट्रक पुढून दोऱ्याने बांधला आणि पट्टा सुरू केला. नटबोल्ट ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवले तर बोटाने टिचकी मारली तरी ट्रेलर दोनदा डुलून सरळ व्हायचा. तेच वजन मागच्या भागात सरकवलं, तर हळू वेगात ठीक. वेग वाढवत नेला की एका क्षणी छोट्या टिचकीनंतर डुलणं वाढतच जायचं आणि ट्रेलर ट्रकला घेऊन आडवा व्हायचा. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. जिममध्ये व्यायामाला आलेली दोन मुलं व्यायाम सोडून बघत बसली.

व्हायब्रेशनचा पेपर दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. ट्रेलर बॉलभोवती आडवा डुलतो ते दोलन टायरच्या पकडीमुळे शांत होतं, म्हणजे डॅम्पिंग मिळतं. पण वेग वाढतो तसं हे डॅम्पिंग कमी होत जातं. एका ठरावीक वेगाला ते शून्य होतं आणि त्याच्या पुढे उणे. मग वाऱ्याचा एक झोत किंवा शेजारून गेलेला कंटेनर पुरतो. टंग वेट पुरेसं असलं की हा घातक वेग रस्त्यावरच्या वेगापेक्षा खूप वर राहतो. वजन मागे गेलं की तो खाली येतो, अगदी ८०-९० किलोमीटरवर. म्हणून १० टक्क्यांच्या खाली जायचं नाही. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरला टांगणं हा प्रकार तिकडे सर्रास चालतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा वाईट आहे. टोकाला टांगलेलं वजन कमी असलं तरी त्याचा हात लांब असतो.

डुलणं सुरू झालंच तर काय करायचं हेही सांगून ठेवते, काकांना हे मी तीनदा म्हणून दाखवायला लावलंय. ट्रकचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग वाढवून 'सरळ करू' असंही करायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, आणि डॅशबोर्डजवळ ट्रेलरच्या ब्रेकचा जो वेगळा कंट्रोलर असतो त्याची पट्टी हाताने दाबायची. नुसता ट्रेलर ब्रेक लागला की तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. या ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. कायद्याने ते किती वजनापासून लागतात हे राज्याराज्यात वेगळं आहे, पण एवढ्या मोठ्या घराला ते हवेतच यात वाद नाही.

आता त्या ११,००० कडे पुन्हा एकदा, कारण तो आकडा काही हवेतून येत नाही. आपल्या कॉलेजातल्या बाहा टीममुळे एसएई हे नाव सगळ्यांना माहीत आहे. याच संस्थेचं जे-२८०७ नावाचं एक स्टँडर्ड २००८ साली आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ओढण्याची क्षमता ठरवायची आणि जाहिरातीत एकमेकींपेक्षा शंभर पौंड जास्त दाखवायची. आधी टोयोटाने हे स्टँडर्ड स्वीकारलं, आणि २०१५ च्या मॉडेलांपर्यंत हाफ-टनमधल्या बाकीच्या मोठ्या कंपन्याही आल्या. यातली मला सर्वांत आवडलेली परीक्षा म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणापासून वर जाणारा रस्ता. साधारण ११.४ मैलांचा चढ, बाहेर १०० अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या आसपास, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण भारलेला ट्रेलर, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊन चालत नाही. शिवाय सपाट रस्त्यावर ३० सेकंदांत ताशी ६० मैल गाठायचे, १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघायचं, तेही एकदा नाही. आपल्या सबमिशनपेक्षा कडक.

म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर ११,००० पौंडांना खरंच पुरतात. पण या परीक्षेत ट्रकमध्ये फक्त ड्रायव्हर आणि एक प्रवासी धरलेला असतो, प्रत्येकी १५० पौंडांचा, आणि टंग वेट धरलेलं असतं १० टक्के. मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत, कुकर नाही, हौद्यात कूलर नाही. कंपनीने आपल्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. तिने एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं, आणि आपण ते दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहून आलो. असं पेपरमध्ये किती जणांचं होतं ते सांगायला नको.

चढण्याचा प्रश्न इंजिनाचा, उतरण्याचा प्रश्न वेगळाच. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, समुद्रसपाटीपासून साधारण ११,००० फुटांवर, आणि आजूबाजूला ७ टक्क्यांपर्यंतचे उतार आहेत. ट्रक, माणसं आणि तो पसंत केलेला ट्रेलर मिळून ६,१०० किलो. ७ टक्के उतार, ताशी १०० किलोमीटर. एम-जी-साइन-थीटा गुणिले वेग केलं तर ११६ किलोवॅट येतात, म्हणजे सुमारे १५५ हॉर्सपॉवर, ज्या सतत कुठेतरी जिरवायच्या. बराच भाग वारा खातो, कारण ८ फूट रुंद भिंत आपण हवेतून ढकलत असतो. उरलेला इंजिनाने किंवा ब्रेकने घ्यायचा. नुसत्या ब्रेकवर घेतला तर ते तापून निकामी होतात; त्यासाठीच या रस्त्याच्या कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे उंच फाटे बांधून ठेवले आहेत. आपल्या घाटात जुने ट्रकवाले 'ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर' म्हणतात, ते हेच. तिकडच्या ट्रकात टो-हॉल नावाचं बटण असतं, ते दाबलं की गिअरबॉक्स हे शहाणपण आपणहून करतो.

उंचीचा आणखी एक त्रास: टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. काकांचा टर्बो आहे, त्यामुळे ती चिंता कमी. यलोस्टोनला जाताना वायोमिंगमधून टोगवोटी नावाची खिंड लागते, साधारण ९,६५० फुटांवर. पण वायोमिंगमध्ये चढापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. तिथे जोराचा वारा सुटला की हलक्या आणि उंच गाड्यांनी जाऊ नये अशा पाट्या लागतात. ट्रेलर जितका लांब, तितकं वाऱ्याचं शीड मोठं. म्हणून केवळ वजन जुळलं म्हणून अतिलांब ट्रेलर छोट्या ट्रकमागे लावू नये, असं माझं मत.

मोठा ट्रक घेणं हा रस्ता होताच. पाऊण-टन किंवा एक-टन. त्यातही एक गंमत आहे. पाऊण-टनच्या पुष्कळ ट्रकांचं कमाल भरलेलं वजन १०,००० पौंडांवर ठरवलेलं असतं. त्यात डिझेल इंजिन घेतलं तर इंजिनच जड, म्हणून वाहण्याचा आकडा पेट्रोलवाल्यापेक्षा कमी! जास्त ओढतो, कमी वाहतो. आणि फिफ्थ व्हील नावाचे जे प्रचंड ट्रेलर हौद्यातच, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर टेकतात, त्यांत सी-सॉचा प्रश्न मिटतो, पण १५ ते २५ टक्के वजन ट्रकवर येतं. तिथे हाफ-टनचं काम नाही. काकांना ट्रक बदलायचा नव्हता, अजून हप्ते चालू होते. म्हणून हिशेब उलट्या बाजूने केला, आणि मला वाटतं तो मुळात याच बाजूने करायला हवा.

१,४८० मधून माणसं ६९० वजा. हिच ९० वजा. हौद्यात कसून १०० च. उरले ६००. ट्रेलरकडून ट्रकवर येऊ शकतं ते एवढंच. भागिले साडेबारा टक्के, म्हणजे ४,८०० पौंड, तेही पाणी, गॅस, कुकर सगळं भरून. (बारच्या हिचमुळे जे पन्नास-शंभर सुटतात ते मी धरले नाहीत, ते चुकभूल म्हणून राहू द्यावेत.)

फोनवर हा आकडा सांगितल्यावर काका गप्प झाले. काकूने मागून विचारलं, "म्हणजे तो बंक बेडवाला नाही घ्यायचा?" विकणाऱ्याने तर स्पष्टच सांगितलं की सगळे लोक असेच ओढतात, काही होत नाही. काही होत नाही हे बहुतेक दिवशी खरंही आहे. पण त्या गाडीच्या मागच्या सीटवर माझे आजी-आजोबा बसणार होते आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी कुठल्या दिवसासाठी ठेवतात हे मी नुकतंच शिकले होते. दोन आठवडे घरात थोडी नाराजी होती. मग काकांनी एक आखूड ट्रेलर शोधला, २१ फुटी, दोन पलंग आणि जेवायच्या टेबलाचा रात्री तिसरा पलंग होणारा. पाणी डेन्व्हरहून भरून न्यायचं नाही, मुक्कामी पोचल्यावर भरायचं, हेही ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी सगळं जोडून, माणसांसकट, वजन करून आणलं. तिकडे मोठ्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल म्हणून काटे असतात. आपल्या साखर कारखान्यावरच्या काट्यावर सहसा अख्ख्या गाडीचं एकच वजन निघतं. त्यांच्यात वेगवेगळे प्लॅटफॉर्म असतात, त्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचे आकडे सुटे मिळतात. एकदा बार ताणून, एकदा बार सोडून आणि एकदा ट्रेलर काढून असं तीनदा केलं की टंग वेटही वजाबाकीने हाती येतं. ट्रेलर भरला ४,६००. टंग वेट ५७५, म्हणजे बरोब्बर साडेबारा टक्के. ६९०, ९०, १०० आणि ५७५ मिळून १,४५५. स्टिकरच्या आत २५ पौंड.

त्या पंचवीस पौंडांत आजीच्या लोणच्याच्या बरण्या बसवायच्या की नाही यावर डेन्व्हरहून मला रात्री दीड वाजता फोन आला. मी सांगितलं, हौद्यात नको, ट्रेलरमध्ये ठेवा, चाकांच्या बरोब्बर वरच्या कपाटात. तिथे ठेवलेल्या वजनाने टंग वेट जवळजवळ बदलत नाही. आजोबांनी स्वतः टेप घेऊन चाकांची जागा मोजली आणि कपाटावर खडूने खूण केली.